मानसिक आरोग्यावर व्हिडिओ करणारे थेरपिस्ट नेमके कोण असतात? त्यांचं कितपत ऐकावं?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. हे व्हिडिओ करणाऱ्यांचं शिक्षण काय असतं, आणि ते बघून तुमची २४ वर्षांची धाकटी बहीण 'मला एडीएचडी आहे' (म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अति-चंचलतेचा विकार) म्हणते आहे, त्याचं काय करायचं. शिक्षण तपासणं सोपं आहे, ते आधी उरकतो. खरी गोम उपचाराच्या पद्धतीत आहे.

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषधं लिहून देतो तो हाच. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करत असेल तर त्याचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत सापडतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. आजवरचा रुळलेला रस्ता म्हणजे मानसशास्त्रात एमए आणि पुढे दोन वर्षांचं एम.फिल., तेही रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली. या दोन्ही नोंदवह्या ऑनलाइन नावाने शोधता येतात, पाच मिनिटांचं काम आहे. नावामागे 'डॉ.' आहे एवढ्यावर जाऊ नका. मानसशास्त्रातली पीएचडी असेल तरी 'डॉ.' लागतं, आणि ती पीएचडी एकही रुग्ण न तपासता झालेली असू शकते.

समुपदेशकांचं चित्र विस्कळीत आहे. कोणी समुपदेशन मानसशास्त्रात एमए असतं, कोणी समाजकार्यातली पदवी (एमएसडब्ल्यू) घेऊन रुग्णालयात काम केलेलं, तर कोणी फक्त पदविका घेतलेलं. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात त्यांची दखल आहे, पण नोंदणी अजून आरसीआयइतकी रुळलेली नाही. त्यामुळे इथे विचारायचे प्रश्न वेगळे: प्रत्यक्ष काम कोणासोबत केलंय, आणि सध्या तुमच्या केसेसवर कोणा वरिष्ठाची देखरेख आहे? बारा वर्षं शाळेत काम केलेली समुपदेशक दहावीच्या ताणाबद्दल कदाचित सायकिअ‍ॅट्रिस्टपेक्षा नेमकं बोलेल. तीच बायपोलरवर (अति उत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारावर) व्हिडिओ करायला लागली की जपून. 'लाइफ कोच', 'हीलर', 'ट्रॉमा एक्स्पर्ट' ही नावं उद्या सकाळी कुणीही लावू शकतं, त्यांना कसलीच नोंदणी लागत नाही.

आता पद्धत. एकच वाक्य घेऊ: 'बॉसने चूक दाखवली की मला रडू येतं.' आरईबीटीवाला, म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीचा माणूस, याचे तीन भाग करेल. प्रसंग: बॉसचं बोलणं. परिणाम: रडू. मधली समजूत: 'माझ्याकडून चूक होता कामा नये, झाली तर मी कुचकामी.' तो सगळा जोर या मधल्या समजुतीवर लावेल. सायकोडायनॅमिक पद्धतीचा थेरपिस्ट विचारेल, हा बॉसचा आवाज आधी घरात कोणाचा होता? एसीटीवाला, म्हणजे विचार बदलण्यापेक्षा स्वीकारण्यावर भर देणाऱ्या पद्धतीचा माणूस, त्या विचाराशी वाद घालायला सांगणारच नाही. 'हा विचार आलाय' अशी नोंद घ्या आणि हातातलं काम पुढे न्या, असं म्हणेल. फॅमिली थेरपीवाली बघेल की घरी कोण रडलं की कोण समजूत काढायला येतं.

चौघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण रीलमध्ये 'तुमच्या रडण्याचं खरं कारण' म्हणून एकच उत्तर येतं, आणि ते करणाऱ्याची पद्धत कोणती हे सांगितलेलंच नसतं. म्हणून एखाद्याचे दहा-बारा व्हिडिओ सलग बघा. प्रत्येक दुखणं बालपणाशी, किंवा प्रत्येक दुखणं चुकीच्या विचाराशी नेऊन बांधलेलं असेल तर तो त्याचा चष्मा आहे. मराठीतलं बरंचसं मनोशिक्षण आरईबीटीच्या अंगाने जातं, त्यालाही कारण आहे. कि. मो. फडके यांनी ही पद्धत इथे रुजवली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतून (स्थापना १९९०) ती घरोघरी पोचली. रोजच्या राग-चिंतेला ती फार उपयोगी आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची (१९८६) घडण वेगळी: तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे समुपदेशक होतात. त्यांचं व्यसनाबद्दलचं बोलणं पदवीवर जोखायला गेलात तर चुकाल.

पद्धतीचा तुकडा तोडून व्हिडिओत टाकला की काय बिघडतं, त्याची दोन उदाहरणं देतो. मार्शा लिनेहान यांच्या डीबीटीत, म्हणजे तीव्र भावना हाताळायला शिकवणाऱ्या पद्धतीत, भावनेचा लोंढा ओसरावा म्हणून एक कृती आहे: श्वास रोखून, पुढे वाकून चेहरा साधारण ३० सेकंद गार पाण्यात धरायचा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, युक्ती चालते ती त्यामुळेच. म्हणूनच हृदयविकार असेल किंवा नाडी मंद करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायची नसते. पाणीही १० अंशांपेक्षा थंड नको. व्हिडिओत बर्फाचं भांडं छान दिसतं, ही ओळ मात्र गळते.

दुसरं ओसीडीचं, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं. 'गॅस बंद केला ना' या शंकेने पछाडलेल्या माणसाला 'विचार तपासून बघा, पुरावा शोधा' हा एरवीचा चांगला सल्ला उलटतो. पुरावा शोधणं हेच तर तो दिवसभर करत असतो. मग मन शांत करणारा तोच व्हिडिओ तो वीसदा बघतो, आणि बघणं हीच नवी सक्ती होते. ओसीडीला लागते ती ईआरपी, म्हणजे शंका तशीच राहू देऊन पुन्हा न तपासण्याचा टप्प्याटप्प्याचा सराव. 'हे कोणाला लागू नाही' हे वाक्य जो आवर्जून बोलतो, त्याच्याकडे रुग्ण येत असतात असं मी धरतो. याउलट कमेंटमध्ये निदान करणारा, रुग्णाची ओळख पटेल इतक्या तपशिलाने गोष्टी सांगणारा, किंवा चालू गोळी बंद करायला सांगणारा माणूस लगेच अनफॉलो करा. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, व्हिडिओ करणाऱ्याच्या मर्जीचा भाग नव्हे.

आता बहिणीचं. २०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीचे सर्वाधिक लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले, त्यांतले ५२ दिशाभूल करणारे निघाले. 'चाव्या विसरता? पाच लक्षणं' या छापाच्या रीलमध्ये निम्मे निकष नसतातच. प्रौढांमध्ये लक्ष न लागण्याच्या किंवा अति-चंचलतेच्या नऊपैकी किमान पाच खुणा सहा महिने तरी टिकलेल्या हव्यात. त्या घर, काम यांसारख्या दोन तरी ठिकाणी दिसायला हव्यात, काही खुणा वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हव्यात, आणि त्यांनी रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा यायला हवा. शिवाय झोपेचा खेळखंडोबा, थायरॉइड, चिंता, नैराश्य यांनीही लक्ष उडतं, तेही तपासावं लागतं.

तिला 'रील बघून आजार शोधतेस' असं म्हणू नका. त्रास खरा असू शकतो, फक्त त्याचं नाव अजून ठरलेलं नाही. तिला दोन आठवडे रोज चार ओळी लिहायला सांगा: कुठे लक्ष सुटलं, किती वाजता, आदल्या रात्री किती तास झोप झाली, त्या वेळी मोबाइल हातात होता का. पहिली ते पाचवीची प्रगतिपुस्तकं शोधून ठेवा, शिक्षकांचे शेरे तिथे फार कामाला येतात. लहानपणी ती कशी होती हे आईला विचारा. हे सगळं घेऊन सायकिअ‍ॅट्रिस्ट किंवा आरसीआय नोंदणीच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. पहिल्या पंधरा मिनिटांत, बालपणाबद्दल एकही प्रश्न न विचारता, निदान हातात ठेवलं तर दुसऱ्याचं मत घ्या.

आणि या सगळ्यात तिच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा किंवा मरणाचे विचार आले, तर ती चार ओळींची वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.