गहू कोणी भिजवले?

नाशिकच्या म्हसरूळची सून, वय चौतीस. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी. नऊ वर्षं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत द्राक्षावरच्या केवड्यावर, म्हणजे आपले बागाईतदार ज्याला डाऊनी म्हणतात त्या रोगावर, काम करते आहे. नवरा आणि सासूबाई नाशिकला. महिन्यातून दोनदा पुणे-नाशिक बस पकडून रात्री नाशिकच्या द्वारका चौकात उतरते. ती लिहिते:

"मावशी, पूर्वी मायक्रोस्कोपला डोळा लावला की जेवायचं भान राहत नसे. आता डब्याची वेळ कधी होते याची वाट बघते. मे महिन्यात आठ दिवस घरी होते. पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंबरोबर गच्चीवर कुरडया घातल्या आणि वाटलं, मला हेच हवंय. आईला सांगितलं, तर म्हणाली, 'कमला सोहोनी सर रामन यांच्यापुढे ठाम उभ्या राहिल्या आणि तू कुरडया घालत बसणार?' प्रकल्प मार्चमध्ये संपतोय. पुढच्या कामाला सरांना आत्ताच 'नाही' सांगून मोकळी होऊ का? ता. क. दिंडोरीला मामेसासऱ्यांच्या बागेत गेलो होतो. एकही पान उलटून बघावंसं वाटलं नाही."

अगं, तुझ्या सगळ्या पत्रात मला तो ताजा कलमच खरा वाटला. केवड्याची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला दिसते. नऊ वर्षं पानं उलटणारा हात बागेत उभा राहूनही पुढे झाला नाही, म्हणजे रस आटलाय. त्याला आळस म्हणू नकोस. ही बुरशी जिवंत पानाशिवाय वाढतच नाही. दर आठ-दहा दिवसांनी ताजी पानं आणायची, त्यावर ती नव्याने लावायची. मग गणपती असोत की दिवाळी. इतकी वर्षं कुणीही दमेल.

आईशी वाद घालू नकोस. जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाईंना 1933 मध्ये रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, तो त्या बाई आहेत म्हणून. त्या हटल्या नाहीत, वर्षभराच्या अटीवर आत गेल्या आणि 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्यांची वाट अडवली होती. तुझी कुणी अडवलेली नाही, तू आपल्या पायांनी बाहेर येते आहेस. यात कमलाबाईंचा अपमान कुठे झाला?

आता मला खटकलेलं सांगते. तू आदल्या दिवशी पोचलीस आणि पहाटे कुरडया घातल्यास. मग गहू कोणी भिजवले? तीन दिवस, रोज पाणी बदलून? वाटून चीक कोणी काढला? तू आलीस तेव्हा फक्त शिजवायचा आणि सोऱ्यात भरायचा उरला होता. घरातही ताजी पानं बदलावी लागतात बाई, आणि त्यावर पेपर छापून येत नाही. तू घराला भुललीस की सुट्टीला, हे आठ दिवसांत कळत नाही.

म्हणून सरांना आज काही सांगू नकोस. मार्चपर्यंत काम नीट संपव, अडकलेला पेपर पाठव, नोंदवह्या पुढच्या मुलीच्या हाती दे. मग तीन-चार महिने नाशिकला राहा, पाहुणी म्हणून नको. साठवलेले पैसे तुझ्याच खात्यात राहू देत. पीएफ असेल तर काढू नकोस. पुढे परतावंसं वाटलंच, तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडे कामात खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी योजना आहेत. तेव्हाचे नियम बघून घे. नाही वाटलं तरी काही बिघडत नाही. मात्र कुणीतरी लगेच मनुक्यांचा गृहउद्योग सुचवेल, ते ऐकू नकोस. घरी राहायला कारण लागत नाही.

आणि एक राहिलंच. म्हसरूळचं ते स्वयंपाकघर सासूबाईंचं आहे. दिवसभर तिथे दुसरी बाई त्यांना चालणार आहे का, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. एका पगारात भागेल का, यावर नवऱ्याचं म्हणणंही नाही. दोघांना विचार आणि मग मला लिही.