ब्रिटनच्या स्पाउस व्हिसाचं अपील जिंकलो, तीन महिने झाले तरी बायकोचा व्हिसा आला नाही. काय करता येईल?

न्यायाधीशांनी नकार चुकीचा ठरवला, तरी व्हिसा द्यायचा असतो होम ऑफिसनेच, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याने. निकालाविरुद्ध वर जायची परवानगी मागायला त्यांना १४ दिवस असतात. तेव्हा पहिल्यांदा ट्रिब्युनलला, म्हणजे अपील जिथे चाललं त्या न्यायाधिकरणाला, मेल करून तसा अर्ज आलाय का ते लेखी विचारा. आला नसेल, तर निकाल पक्का. पण गोम अशी, की तो किती दिवसांत अमलात आणायचा याची मुदत कायद्यात कुठेच नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे साहेबाच्या देशातही चालतं.

घोडं अडतं ते बऱ्याचदा किरकोळ गोष्टींवर. नकारानंतर हेल्थ सरचार्ज (व्हिसा अर्जासोबत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरलेले पैसे) परत मिळाला असेल, तर तो पुन्हा भरावा लागतो. टीबीचं सर्टिफिकेट सहाच महिने चालतं, म्हणजे अपिलाच्या काळात ते कधीच संपलेलं असतं. या सगळ्याचे मेल फाइलवर ज्याचा पत्ता असेल त्यालाच जातात. आमच्या वेळी पासपोर्ट जमा करायला सांगणारा मेल जुन्या वकिलाच्या इनबॉक्समध्ये पडून होता, आणि बायको तिकडे पुण्यात रोज स्पॅम फोल्डर उघडून बघत होती! वकील बदलला असेल तर आधी तिकडे फोन करा.

तुमच्याकडून काही बाकी नसेल, तर ब्रिटनमधल्या तुमच्या भागाच्या खासदाराला लिहा. पोस्टकोडसह तुमचा पत्ता, 'एचयू'ने सुरू होणारा अपिलाचा नंबर, 'जीडब्ल्यूएफ'ने सुरू होणारा अर्जाचा नंबर, निकालाची तारीख. रामकहाणी नको. ते निर्णय बदलू शकत नाहीत, पण त्यांच्या ऑफिसने विचारलं की कुणाला तरी फाइल उघडावी लागते.

तरीही ढिम्म, तर होम ऑफिसला कोर्टात जाण्याआधीचं 'प्री-अ‍ॅक्शन' पत्र: अमुक तारखेला अपील मंजूर झालं, १४ दिवसांत अंमलबजावणी करा, नाहीतर ज्युडिशियल रिव्ह्यूला, म्हणजे सरकारी दिरंगाईविरुद्ध कोर्टात, जाऊ. मुदत लिहिलेली नसली, तरी अंमलबजावणी वाजवी वेळेत झालीच पाहिजे, हे इंग्लंडच्या हायकोर्टाने २००० सालीच एका आश्रयाच्या प्रकरणात सांगितलंय. पत्र स्वतः लिहिता येतं. मात्र प्रत्यक्ष रिव्ह्यूचा खर्च बराच असतो आणि हरलात तर समोरच्याचाही अंगावर येऊ शकतो, म्हणून तिथे सॉलिसिटर हवाच.

कंटाळून नवा अर्ज मात्र भरू नका. फी पुन्हा जाईल, आणि हातातल्या निकालाचा घोळ होईल तो वेगळाच.