वेलॉसिटी पिकिंग मशीनवर सोडावं का?

प्रश्न: सर, मी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या खोल समुद्रातली एक सेस्मिक लाइन (जिच्यावर ध्वनिलहरी सोडून खालच्या थरांचे प्रतिध्वनी नोंदवलेत अशी रेषा) प्रोसेस करतेय. सेम्ब्लन्स (कुठल्या वेगावर प्रतिध्वनी किती नीट जुळतात त्याचं माप) बघून हाताने वेलॉसिटी पिक करायला, म्हणजे लहरींचा योग्य वेग निवडायला, फार वेळ जातो. ऑटो-पिकर (हेच आपोआप करणारं सॉफ्टवेअर) लावला तर काम पटापट होतं पण स्टॅक (त्या वेगांनी प्रतिध्वनी जुळवून, बेरीज करून केलेलं चित्र) मधेमधे बिघडतो. काय करू? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर: ऑटो-पिकर जरूर वापर, पण मोकळा सोडू नको. तो बिचारा जिथे सेम्ब्लन्स जास्त तिथे टिंब मारतो, बस. आता समजा पाणी 1500 मीटर खोल आहे, पाण्यातला वेग साधारण 1500 मीटर प्रति सेकंद, म्हणजे तळाचं रिफ्लेक्शन 2 सेकंदाला येणार आणि त्याचं पहिलं मल्टिपल (पाण्यात दोनदा ये-जा करून आलेला प्रतिध्वनी) 4 सेकंदाला, तेही त्याच 1500 च्या वेगावर आणि चांगलं जोरदार, खरा थर तिथे जास्त वेगावर मंद दिसतो आणि मशीन जाऊन मल्टिपलवर बसतं. म्हणून आधी मल्टिपल कमी कर, मग थोड्या थोड्या अंतरावर काही गॅदर (एकाच जागेचे प्रतिध्वनी एकत्र ठेवलेले संच) स्वतः पिक कर आणि तू निवडलेल्या वेगांच्या आजूबाजूला एक पट्टा ठरवून दे, मशीनने त्याच्या बाहेर जायचंच नाही.

दुसरं, पिक झाले की लगेच स्टॅक करायला धावू नको, डिक्सच्या सूत्राने इंटरव्हल वेलॉसिटी काढून बघ (पिक केलेला वेग हा वरपासून तिथवरचा एक प्रकारचा सरासरी वेग असतो, हे सूत्र त्यातून मधल्या थराचा स्वतःचा वेग काढतं). 2.0 सेकंदाला 2000 आणि 2.1 ला 2050 पिक केलंस तर मधल्या थराचा वेग साधारण 2870 येतो, तेच 2050 च्या जागी 2070 झालं तर 3160! पिकमध्ये फरक फक्त 20 चा, स्टॅकमध्ये कदाचित कळणारही नाही, पण खोली काढताना किंवा डेप्थ मायग्रेशनला (थर खऱ्या खोलीवर, खऱ्या जागी मांडताना) हाच फरक नडतो. त्यामुळे वेळेत एकमेकांच्या अगदी जवळ पिक घेऊ नको.

आपल्या किनाऱ्यापलीकडे बऱ्याच ठिकाणी गाळाखाली डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट आहे. तुझ्या लाइनवर तो असेल तर तिथे हातानेच काम कर असं माझं स्पष्ट मत आहे. बेसाल्टमध्ये वेग एकदम वाढतो, खाली जुना गाळ असेल तर परत कमी होतो, आणि 'खोलीबरोबर इंटरव्हल वेलॉसिटी वाढलीच पाहिजे' अशी अट पिकरला घातलेली असेल तर पिकर हा खालचा गाळ पकडूच शकत नाही, तेव्हा ती अट तिथे काढ. बेसाल्टखालून लहरींची एनर्जीही कमीच परत येते, त्यात रिसीव्हरची केबल आखूड असेल तर इतक्या खोलवर मूव्हआउट (लांबच्या रिसीव्हरला प्रतिध्वनी जितका उशिरा पोचतो तो फरक) जेमतेम दिसतो आणि सेम्ब्लन्सचं शिखर पसरट होतं, अशा वेळी वेगवेगळ्या स्थिर वेगांचे स्टॅक काढून शेजारी शेजारी ठेव आणि कुठल्या वेगावर थर सलग दिसतो ते बघून पिक कर.