लेन्स सहाशेची, पक्षी तीनशे मीटरवर

थंडी पडली की आपल्याकडं दोन गोष्टी हमखास होतात, धुपदाळला करकोचे उतरतात आणि माझ्याकडं मोठ्या लेन्सचे प्रश्न यायला लागतात. यावेळी एवढे आलेत की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकललेत. पहिल्या पत्राचं उत्तर जरा जास्तच लांबलंय, पण तसलाच प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदा नीट लिहितेच.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शाळेत शिक्षक आहे. दिवाळीत सेकंडहँड १५०-६०० एमएमची झूम लेन्स घेतली, कॅमेऱ्याची बॉडी २४ मेगापिक्सेलची क्रॉप सेन्सरवाली, म्हणजे आतला सेन्सर लहान. दोन रविवार धुपदाळच्या जलाशयावर गेलो, कांड्या करकोचे भरपूर होते, पण ६०० वर काढलेला एकही फोटो शार्प नाही. मोठा करून बघितला की रंग पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. विकणारा म्हणतो लेन्स चांगली आहे. मला फसवलंय का? (एक शिक्षक, निपाणी)

उत्तर : सर, आधी एक सांगा, तुम्ही पोचलात किती वाजता? पत्रात लिहिलं नाही, पण निपाणीहून चहा-नाष्टा करून निघालं की धुपदाळला नऊ-दहा वाजतातच, आणि तोवर ऊन चांगलं चढलेलं असतं. माझा अंदाज असा की लेन्स बरी असावी, तुम्ही हवेचा फोटो काढलाय.

पाण्यावरची आणि काळ्या रानावरची हवा उन्हानं कमीजास्त तापते, गरम हवेतनं उजेड वेगळा वाकतो, थंड हवेतनं वेगळा, आणि डांबरी रस्त्यावर दुपारी जसं लवलवताना दिसतं तसं ते सगळीकडं चालू असतं, फक्त नुसत्या डोळ्याला कळत नाही. ६०० ची लेन्स पक्ष्याबरोबर ती लवलव पण मोठी करते. पक्षी जितका लांब तितकी मधली हवा जास्त. हे स्टॅबिलायझरनं (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीनं) जात नाही, कॉम्प्युटरवर शार्पनेस वाढवून जात नाही, पाच लाखाच्या लेन्सनं पण जात नाही.

दुसरं, जरा गणित करू. तुमच्या क्रॉप बॉडीवर ६०० ला शंभर मीटरवर साधारण ३.९ मीटर रुंदीची चौकट दिसते. तीनशे मीटरवर तीच चौकट पावणेबारा मीटर रुंद आणि जवळपास आठ मीटर उंच होते. कांड्या करकोचा उभा राहिला की नव्वद सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चार हजार पिक्सेलच्या उंचीत त्याच्या वाट्याला जेमतेम साडेचारशे येणार, आणि त्यातला डोळा म्हणजे एखादा ठिपका. याउलट आपला साधा खंड्या आठ मीटरवर बसला तर चौकट फक्त ३१ सेंटिमीटर रुंद, त्यात तो निम्म्याहून जास्त भरतो, पिसं मोजता येतील असा फोटो येतो. लेन्स तीच, बॉडी तीच.

मला मनापासून वाटतं की मोठी लेन्स लांबच्या पक्ष्याला ओढून आणायला नसतेच. पक्षी आधीच बऱ्यापैकी जवळ असताना त्याला न उठवता, त्याचं खाणंपिणं न थांबवता, तो मोठा दिसावा म्हणून ती असते. अंतर आपण कमी करायचं असतं, आणि तेही चालत जाऊन नाही, बसून राहून.

करकोचे सकाळी चरायला रानात जातात, हरभरा, शेंगा, जोंधळ्याच्या रानात, आणि उन्हं चढली की पाण्यावर येऊन विसावतात. आपण नेमके ते विसावलेले असताना जातो, लांबनं, आणि सगळ्यात वाईट हवेत. त्यापेक्षा उजाडायच्या आधी पोचा, रानाच्या कडेच्या रस्त्यावर गाडी लावा, इंजिन बंद करा आणि गाडीतच बसा. गाडीला पक्षी तेवढे घाबरत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की घाबरतात. खिडकीच्या काचेवर तांदूळ किंवा वाळू भरलेली कापडी पिशवी ठेवा, त्यावर लेन्स टेका, ट्रायपॉडपेक्षा भारी काम होतं. एकच ध्यानात ठेवा, नुकत्याच बंद केलेल्या गाडीच्या बॉनेटवरनं फोटो घेऊ नका, तिथली पण हवा लवलवते. गाडीत हीटर लावला असेल तर काचा खाली करून दहा मिनिटं थांबा.

शटर स्पीड बघा. क्रॉपवर ६०० म्हणजे ९०० सारखं वागतं, त्यामुळं हातात धरून १/१००० सेकंदाच्या खाली जायची घाई नको, उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा वर. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६००, ३२०० झाला तरी होऊ द्या की! दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो कुणाला सरळ करता येत नाही.

तरीही लेन्सवर शंका असेल तर घरी तपासा. सकाळी सावलीत, दहा मीटरवर विटांची भिंत किंवा चिकटवलेला पेपर, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदाचा टायमर, लाईव्ह व्ह्यूवर म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोकस. एक फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरवर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक), एक ते थोडं लहान करून एफ ८ वर. पुढं स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून ठेवा, ९५ एमएमचा स्वस्त फिल्टर ६०० वर चांगल्या लेन्सची माती करतो. लाईव्ह व्ह्यूवर शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधनं मऊ येत असेल तर लेन्स-बॉडीचं फोकस जुळत नाहीये, काही डीएसएलआरच्या मेनूत फोकस जुळवायचं फाइन ट्यून असतं, त्यानं सुटतं. दोन्हीकडं एकच बाजू मऊ येत असेल तर मात्र आतली काच सरकलेली असू शकते, मग परत द्या, गप्प बसू नका.

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे, पक्षी खूप आवडतात, बाबा म्हणतात कॅमेरा घेऊन देतो पण मोठी लेन्स परवडणार नाही. थांबू का पैसे साठेपर्यंत? (खानापूर)

उत्तर : थांबू नकोस. तू खानापुरात राहतोस, मलप्रभा दारात आणि भीमगडचं जंगल त्याच तालुक्यात, एवढं भाग्य पुण्या-मुंबईच्या कितीजणांना आहे? ७०-३०० ची साधी लेन्स सेकंडहँड मिळाली तरी सुरुवात होते. कॅननची मिररलेस बॉडी घेणार असशील तर १००-४०० एफ ५.६-८ वाली बघ, ६३५ ग्रॅमची आहे, दिवसभर गळ्यात राहते. १५०-६०० वाल्या दोन किलोच्या आसपास असतात, निकॉनची २००-५०० तर २.३ किलोची, ती घेऊन चालताना पहिल्या तासातच हात बोलतो. कमी उजेडात ही छोटी लेन्स कमी पडेल हे खरं, रानातल्या सावलीत तर नक्कीच. पण परसातल्या तांबट पक्ष्यापासून, नदीवरच्या धोबी पक्ष्यापासून सुरू कर. कुठला पक्षी कुठल्या फांदीवर परत परत येऊन बसतो हे कळायला लागलं की निम्मं काम झालं, आणि ते शिकायला लेन्स लागतच नाही, वही लागते.

प्रश्न : काय सांगायचं ओ ताई, आमचं शिवार यळ्ळूरच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात फोटोवाले येतात, बगळे-शराटी बघायला, आणि बांध सोडून लावलेल्या रोपात शिरतात. आता मसूर आहे तर मसुरातनं चालतात. विचारत पण नाहीत. माझ्या पोराला पण नाद लागलाय, त्यानं लेन्स आणलीय, त्याला तरी चांगलं शिकवा. (एक शेतकरी, यळ्ळूर)

उत्तर : दादा, तुमचं पत्र छापतेय ते मुद्दाम. ज्यांच्या गळ्यात मोठी लेन्स आहे त्यांनी ते दोनदा वाचावं. त्या रोपामागं तुमचे पैसे आणि कंबर दोन्ही गेलेलं असतं. बांधावर उभं राहून, मालकाला हाक मारून, विचारून आत जायचं, नाही म्हटलं तर परत फिरायचं, यात काही अवघड नाही. आणि खरं सांगते, रोपात शिरलं की पक्षी उठतातच, म्हणजे फोटो पण जातो आणि पीक पण.

पोराला सांगा, त्याच्यासारखी जागा कुणाकडं नाही. पंपाचं पाणी जिथं पडून थोडं साचतं तिथं धोबी येणार, वंचक येणार, नशीब असेल तर खंड्या पण. तिथनं आठ-दहा मीटरवर पिंजराची गंजी असेल तर तिच्या आडोशाला जुनी हिरवी नेट किंवा मळकट साडी बांधायची, लेन्सपुरतं भोक ठेवायचं, आणि चार दिवस तसंच सोडून द्यायचं, पक्ष्यांना सवय होऊ दे. मग उजाडायच्या आत जाऊन बसायचं, सूर्य पाठीमागं येईल असं. बसायचं खाली, मातीवर, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आली पाहिजे, उभ्यानं काढलेल्या फोटोत पक्षी चिखलाला चिकटल्यासारखा दिसतो. आठ मीटरवर ६०० ला एफ ६.३ वर चार-पाच सेंटिमीटरच शार्प येतं, म्हणून फोकसचा ठिपका डोळ्यावरच पाहिजे. काळ्या चिखलावरच्या पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी करायचं, नाहीतर पिसांचा चुना होतो, आणि मोकळ्या आभाळात उडणाऱ्या पक्ष्याला उलट एक स्टॉप वाढवायचं, कारण कॅमेऱ्याचं मीटर सगळ्याला करडं समजतं.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या रानात धनेशाची ढोली सापडलीय. गेल्या उन्हाळ्यात नर येऊन खायला घालत होता. यंदा २००-६०० घेऊन किती जवळनं शूट करता येईल? (जांबोटी भाग)

उत्तर : नका करू. हे मी रागानं नाही सांगत, काळजीनं सांगतेय.

धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि आपल्या विष्ठेनं, मातीनं तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. आत तिची उडायची पिसं झडतात, म्हणजे काही झालं तरी तिला उडता येत नाही. ती आणि पिल्लं, सगळ्यांचं पोट एकट्या नरावर. तो दिवसातनं कितीतरी फेऱ्या मारतो, उंबराची, वडाची फळं घेऊन. खाली माणूस दिसला की तो येत नाही. लांबच्या झाडावर बसतो, मान वळवून बघतो, निघून जातो.

मी हे बघितलंय आणि कारण मीच होते. बऱ्याच वर्षांपूर्वी, लेन्स नवी होती, ढोलीपासून चांगली साठ-सत्तर पावलं लांब झाडाआड उभी होते, वाटलं एवढ्या लांबनं काय होतंय. नर आला, तोंडात फळ, दोनदा घिरटी घातली आणि खाली न उतरता गेला. पाऊण तासात तीनदा असंच झालं. मी ट्रायपॉड गुंडाळला आणि आले, पण आतली मादी तेवढा वेळ उपाशी राहिली हे अजून डोक्यातनं जात नाही. म्हणून धनेशाच्या ढोलीला माझ्या लेखी सुरक्षित अंतर म्हणजे तिथं न जाणं.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, तिथं परवानगीशिवाय शिरणं तसंही चालत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला, अंड्यांना त्रास देणं गुन्ह्यातच येतं. ढोलीचं ठिकाण कुणाला सांगू नका, फोटोबरोबर लोकेशन टाकू नका, मोबाईलवर आवाज लावून पक्ष्याला बोलवू तर नकाच. फोटो पाहिजे असेल तर पिकलेल्या उंबराखाली जा. उंबर पिकला की धनेश, हरियल, तांबट सगळे येतात, तिथं ते खाण्यात गुंतलेले असतात आणि आपण शांत बसलो तर आपल्याकडं बघत पण नाहीत. तुमची २००-६०० तिथं वापरा.

प्रश्न : पावसाळ्यात कणकुंबीला दोनदा नेलेली लेन्स आता बघितली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. घरी पुसता येईल का? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : नाही, ते बुरशीचं आहे आणि आतल्या बाजूला आहे. खोलणाऱ्या जाणकाराकडंच द्या, लवकर द्या, फार दिवस राहिली तर कोटिंग खाते आणि मग डाग जात नाही. तोवर ती बाकीच्या लेन्सबरोबर एका बॅगेत ठेवू नका.

पुढच्या पावसाळ्यासाठी सांगते. झूम करताना ज्या लेन्सची नळी बाहेर येते ती पंपासारखी हवा आत ओढते, ओली नळी तशीच आत सरकवली की पाणी पण आत. आधी सुती कापडानं पुसा, मग सरकवा. घरी आल्यावर बॅगेतनं बाहेर काढा, रात्रभर पंख्याखाली राहू दे, आणि मग हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घालून. चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे काटा ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं, पण तो तवा पुन्हा भाकरीला नको, आणि तुमचं जेल निळ्या रंगाचं असेल तर ते तापवण्यापेक्षा बदलूनच टाका.