चॉइस फिलिंग बाबांनी करायचं का?

तुमचं पत्र वाचलं. मुलीचं एमबीबीएस झालंय, इंटर्नशिप संपलीये, नीट पीजीचा, म्हणजे एमडीच्या प्रवेशपरीक्षेचा, रँक चांगला आलाय, तुमच्या मते स्किन (त्वचारोगाची ब्रँच) सहज मिळेल, मामाचं क्लिनिकही तयार आहे, आणि ती मात्र अडून बसलीये की एमडी पॅथॉलॉजीच करणार आणि पुढे त्वचेच्या ट्यूमरच्या बायोप्सी बघणार. तिला समजवा म्हणताय. पण मला खरी काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची, "काउन्सेलिंगचा पासवर्ड माझ्याकडे आहे, चॉइस फिलिंग मीच करणार." अहो, रात्र रात्र कॅज्युअल्टीत उभी राहून आलेली डॉक्टर आहे ती, प्रवेशासाठी हव्या असलेल्या ब्रँचची यादी तिला न विचारता भरणार तुम्ही? स्पष्ट सांगतो, हे चूक आहे. नको असलेल्या ब्रँचमध्ये ढकललेली रेसिडेंट रडत फोन करते तेव्हा वडील तिथे नसतात, छत्तीस छत्तीस तासांची ड्यूटी तिलाच करायची असते. आज पासवर्ड तिच्या हातात द्या, बाकीचं नंतर बोलू.

आता तुमचं ते "पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवी तपासायची लॅब, डीएमएलटीवालापण करतो." नाही हो. डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, टेक्निशियनचं काम महत्त्वाचंच आहे, पण लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या डॉक्टरचीच सही हवी असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. आणि तुमची मुलगी जे म्हणतेय ते तर फारच वेगळं काम आहे. समजा कुणाच्या पापणीवर गाठ आली, रांजणवाडी समजून शेक दिला, मलम लावलं, मग चिरा देऊन काढली, तरी त्याच जागी परत आली. कधीकधी तो सेबेशियस कार्सिनोमा असतो, पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर, नुसत्या डोळ्यांनी बघून फसायला होतं. तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो, मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात, रंगवतात आणि मग मायक्रोस्कोपखाली फेसाळ दिसणाऱ्या पेशी सापडतात, फेसाळ का तर आतली चरबी प्रोसेसिंगमध्ये विरघळून गेलेली असते आणि पोकळ्या तेवढ्या उरतात. सर्जनने किती कापायचं हे त्या रिपोर्टवर ठरतं. शिवाय त्वचेवरचे असले तेलग्रंथींचे ट्यूमर काही पेशंटमध्ये म्युअर-टोरे सिंड्रोमचा भाग असतात, म्हणजे घराण्यात आतड्याच्या कॅन्सरचा धोका असू शकतो, आणि एमएसएच२ सारखं प्रोटीन पेशींत आहे की नाही हे दाखवणारे स्टेन (खास रंग) करून तो इशारा पॅथॉलॉजिस्ट देतो. पेशंटच्या भावाबहिणींची कोलोनोस्कोपी वेळेत होते ती त्या स्लाइडमुळे. अशा माणसाला "खरा डॉक्टर नाही" म्हणता तुम्ही?

पैशाचं तुमचं म्हणणं मात्र खोटं नाही. प्रायव्हेटमध्ये स्किनला कमाई जास्त आहे, आणि फक्त त्वचेच्या बायोप्सी बघायच्या तर नोकऱ्या थोड्या, त्याही मोठ्या शहरांत, सुरुवातीला बाकीच्या स्लाइड्सही बघाव्या लागतील. हे तिला माहीत हवं.

रस्ता सोपा आहे, तीन वर्षं एमडी आणि मग डर्मॅटोपॅथॉलॉजीची, म्हणजे त्वचेच्या बायोप्सी बघण्याची, फेलोशिप, आणि एमडी स्किन करूनही इकडे येता येतं. पण हे वाचून लगेच "मग स्किनच घे" म्हणू नका, पेशंट बघायला आवडतात की स्लाइड, हे तिचं तिनेच बघायचंय. काउन्सेलिंगचे राउंड सुरू व्हायच्या आत तिच्याच कॉलेजच्या हिस्टोपॅथॉलॉजीत (बायोप्सी बघणाऱ्या विभागात) विचारून चार दिवस सरांच्या शेजारी मायक्रोस्कोपला बसू दे. आणि पुढचं पत्र तिला लिहायला सांगा, मला तिच्याशी बोलायचंय.