मुलगी असताना काकाला हिस्सा का? फदकपासून आजच्या वाटणीपर्यंत

तुम्ही विचारलंय : "शिया-सुन्नी वाद खलिफा कोण यावरून झाला हे ठाऊक आहे. पण दोघांचा वारसाहक्काचा कायदाही वेगळा कसा? आणि पैगंबरांची मुलगी बीबी फातिमा यांच्या बागेचा त्याच्याशी काय संबंध?"

मी मुंबईत वकिली करतो आणि माझ्याकडे वारसाची प्रकरणं जास्त येतात, म्हणून आधी आजची वाटणी सांगतो आणि मग मागे जातो.

चिपळूणकडचं एक सुन्नी कुटुंब माझ्याकडे आलं होतं. वडील गेलेले, आई त्यांच्याही आधी गेलेली. मागे एकुलती एक मुलगी आणि वडिलांचा सख्खा भाऊ. निम्मं मुलीला, निम्मं काकाला. थोड्याच दिवसांत डोंगरीतलं एक खोजा इस्ना अशरी, म्हणजे शिया कुटुंब आलं. नाती अगदी हीच. तिथे सगळं मुलीला, काकाला काही नाही. दोन्ही घरांत कुराण एकच आणि आयत म्हणजे वचनही एकच, सूरा निसा या प्रकरणातलं अकरावं : मुलगी एकटी असेल तर तिला निम्मं. वाद आहे तो उरलेल्या निम्म्याचा.

इस्लामपूर्व अरबस्तानात मालमत्ता पुरुष भाऊबंदांत राहायची. कुराणाने मुलगी, आई, पत्नी, बहीण यांचे हिस्से ठरवून दिले. सुन्नी फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, याचा अर्थ असा लावला की भाऊबंदांचा हक्क कायम आहे, फक्त हे ठरलेले हिस्से आधी बाजूला काढायचे. त्यांचा आधार एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं सांगितलं जाणारं वचन : ज्यांचे हिस्से ठरलेत त्यांना ते द्या, उरेल ते सर्वांत जवळच्या पुरुषाला. शिया ही हदीस मानत नाहीत. त्यांच्या मते कुराणाने ती जुनी चौकटच मोडली, आता जो नात्याने जवळचा तो वारस, मग ती बाई का असेना. शियांचे सहावे इमाम जाफर सादिक यांच्या नावे एक वाक्य सांगतात : मालमत्ता जवळच्याची, भाऊबंदांच्या तोंडात माती. अरबीतही शब्द मातीच आहे.

आता फदक, म्हणजे तुम्ही विचारलेली बाग. खैबरजवळची ही खजुरांच्या बागांची वस्ती इ.स. ६२८ मध्ये लढाई न होता पैगंबरांच्या हाती आली. लढून मिळालेली लूट नसल्यामुळे ती सैनिकांत वाटली गेली नाही, पैगंबरांच्याच अखत्यारीत राहिली. ६३२ मध्ये ते गेल्यावर फातिमांनी ती मागितली. पहिले खलिफा झालेले हजरत अबू बकर यांनी उत्तर दिलं की पैगंबरांनीच सांगितलंय, आम्हा पैगंबरांना वारस नसतो, आम्ही मागे ठेवतो ते दान. पैगंबरांच्या घरच्यांचा खर्च यातून चालेल, पैगंबर जसा कारभार करत तसाच मी करीन, असंही ते म्हणाले. फातिमा रागावल्या आणि मरेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हे शियांनी रचलेलं नाही, सुन्नींच्या बुखारी या हदीससंग्रहातच हजरत आयशांच्या, म्हणजे पैगंबरांची पत्नी आणि अबू बकर यांची मुलगी यांच्या, तोंडून आलेलं आहे. फातिमा सहा महिन्यांत गेल्या आणि त्यांचे पती हजरत अलींनी त्यांचं दफन रात्रीच उरकलं, हेही तिथेच येतं.

शियांचा प्रतिवाद कुराणातूनच आहे. आधीच्या पैगंबरांपैकी सुलेमान दाऊदचा वारस झाला असं कुराण म्हणतं, जकरिया देवाकडे वारस मागतो, मग पैगंबरांना वारस नसतो हे कसं? सुन्नी म्हणतात, तो वारसा ज्ञानाचा आणि पैगंबरीचा. मला यातला सर्वांत विलक्षण मुद्दा व्याकरणाचा वाटतो. त्या हदीसमधला शेवटचा शब्द 'सदकतुन' वाचला तर अर्थ होतो, 'आम्ही मागे ठेवतो ते दान आहे'. काही शिया विद्वान तो 'सदकतन' वाचतात. मग अर्थ होतो, 'जे आम्ही दान म्हणून ठेवतो, त्याला वारस नसतो', म्हणजे बाकीच्या मालमत्तेला असतो. सगळा फरक एका स्वराचा!

एक गैरसमज मात्र काढायला हवा. फातिमांना मुलगी म्हणून नाकारलं, असं झालं नाही. पैगंबरांचे काका अब्बास यांनीही हिस्सा मागितला होता, पत्नीही मागणार होत्या. कुणालाच मिळाला नाही. नेहमीच्या सुन्नी नियमाने वाटणी झाली असती तर फातिमांना निम्मं, सगळ्या पत्नींना मिळून एक अष्टमांश आणि उरलेले तीन अष्टमांश अब्बासना गेले असते.

हे 'उरलेलं' पुढे सिंहासनापर्यंत गेलं. ७५० मध्ये याच अब्बासचे वंशज सत्तेवर आले. ७६२ मध्ये फातिमांच्या वंशातले मुहम्मद नफ्स जकिया यांनी मदिनेत बंड केलं आणि आपण पैगंबरांच्या मुलीचे वंशज असल्याचा दावा मांडला. अब्बासच्या वंशातला खलिफा मन्सूर याने पत्रातून उत्तर दिलं. त्याचा आशय असा : तुम्ही मुलीकडचे, मुलीकडून सत्तेचा वारसा येत नाही, काका बापाच्या जागी असतो, आणि पैगंबर गेले तेव्हा आमचे अब्बास हयात होते. चिपळूणच्या काकाचा मुद्दाही हाच होता, फक्त मन्सूरसाठी पणाला साम्राज्य होतं.

शिया कायद्यात मुलगी असली की काका बादच, त्यामुळे तिथे हा दावा टिकत नाही. शिवाय त्यात एक अपवाद आहे : मृताचा सावत्र काका आणि सख्ख्या काकाचा मुलगा एवढेच दोघे मागे असतील, तर नात्याने लांबचा असूनही सख्ख्या काकाचा मुलगाच सगळं घेतो. पैगंबरांच्या वडिलांचे अबू तालिब हे सख्खे भाऊ, अब्बास सावत्र. म्हणजे अबू तालिबचे पुत्र अली, अब्बासच्या पुढे. पहिल्यांदा हा नियम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

तरीही शिया कायदा सरसकट बायकांच्या बाजूचा आहे असं समजू नका. त्यात विधवेला, आपल्याकडे निदान अपत्य नसलेल्या विधवेला, नवऱ्याच्या जमिनीत हिस्सा नाही. इराणने २००९ मध्ये दुरुस्ती करून तिला जमिनीच्या किमतीत हिस्सा दिला, तोपर्यंत तेवढंही नव्हतं.

फदक पुढे कितीदा तरी हात बदलत राहिली. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांनी ती फातिमांच्या वंशजांना परत दिली, नंतर ती काढून घेतली गेली, पुढे अब्बासी खलिफा मामूनने पुन्हा दिली, त्याच घराण्यातल्या मुतवक्किलने पुन्हा घेतली.

चिपळूणच्या त्या मुलीने मला विचारलं, मग माझ्या बाबांनी काय करायला हवं होतं? मृत्युपत्राने भागलं नसतं. सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे मृत्युपत्र इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, म्हणजे तिथेही काकाच आडवा. हयातीत बक्षीस, म्हणजे हिबा, हा मार्ग होता. शियांचा फदकवरचा पहिला दावा तोच आहे, की पैगंबरांनी ती बाग हयातीतच फातिमांना दिली होती. साक्षीला अली आणि पैगंबरांना लहानपणी सांभाळलेल्या उम्मे ऐमन उभे राहिले. एक पुरुष आणि एक बाई. साक्ष अपुरी ठरली, कारण दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन बाया हव्यात. शिया म्हणतात, बाग फातिमांच्याच ताब्यात होती, मग पुरावा त्यांच्याकडे का मागायचा? आमच्या कोर्टांतही हिबा ताबा दिल्याशिवाय पुरा होत नाही. म्हणून एकुलत्या मुलीच्या नावे घर करायला कुणी आलं की मी कागदाआधी किल्ल्यांचं विचारतो, आणि वीजबिल, घरपट्टी तिच्या नावावर करून आणायला सांगतो.