ब्लूस्कायवर लोंढे येतात, मॅस्टोडॉनवर का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दोन्ही ट्विटरसारखी सोशल नेटवर्क, दोन्ही स्वतःला विकेंद्रित म्हणवतात, म्हणजे एकाच कंपनीच्या हातात नसून वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर (खाती सांभाळणाऱ्या संगणकांवर) चालणारी, तरी एकावर गर्दी आणि दुसऱ्यावर सामसूम, असं का? आणि तुम्ही आठ-दहा जणांनी मिळून मराठी सर्व्हर काढला तर लोक येतील का? मी २०१९ पासून मॅस्टोडॉनवर आहे, ब्लूस्कायवरही खातं आहे. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून सांगतो.

विकेंद्रित आहे म्हणून फारसं कुणी येत नाही. माणसं जुन्या जागेवर चिडून निघतात आणि पहिल्या संध्याकाळी जिथे चार ओळखीचे दिसतील तिथे टेकतात. चिडण्याचं कारण आपल्या हातात नसतं. पहिली संध्याकाळ मात्र बनवणाऱ्याच्या हातात असते, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

मी आलो तोही असाच. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि भारतातले बरेच लोक तावातावाने मॅस्टोडॉनवर आले. दोन आठवडे काय तो उत्साह! मग एकेक जण गुपचूप परतला. मी जोडलेल्या, म्हणजे फॉलो केलेल्या, साठेक जणांपैकी वर्षअखेरीला पाचसुद्धा लिहीत नव्हते.

त्यानंतर २०२२ च्या ऑक्टोबरअखेर उद्योगपती इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं. माझी साताऱ्याची मावसबहीण शाळेत गणित शिकवते. तिला मी मोठ्या हौसेने मॅस्टोडॉनवर आणायला बसलो. पहिल्याच पानावर प्रश्न आला: सर्व्हर निवडा. ती म्हणाली, "अरे, मला खातं उघडायचंय, सर्व्हर घेऊन काय करू?" मी ईमेलचं उदाहरण दिलं, कुणी जीमेलवर असतो, कुणी याहूवर, पण पत्र सगळ्यांना जातं वगैरे. तिने मान डोलावली. पटलेलं काही दिसलं नाही. कसाबसा सर्व्हर निवडला, आणि मी तिला एका गणितज्ञाच्या पानाची लिंक पाठवली. तो दुसऱ्या सर्व्हरवर होता. तिने 'फॉलो' दाबलं तर तुमचा सर्व्हर कोणता ते लिहा, असं आलं. आपल्या सर्व्हरवरून शोधून त्याचं पान उघडलं तर ते जवळपास रिकामं! तिच्या सर्व्हरवर तोवर त्याला कुणी जोडलेलंच नव्हतं, म्हणून त्याच्या जुन्या पोस्ट तिथे पोचल्याच नव्हत्या. तो माणूस रोज लिहितो, पण तिला दिसलं कुलूप लावलेलं घर. "दादा, इथे कुणी राहतं का?" म्हणाली, आणि फोन बाजूला ठेवला.

त्या वर्षअखेरीला मॅस्टोडॉनचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते पंचवीस लाखांच्या आसपास गेले होते. पुढच्या वर्षी तो आकडा बराच खाली आला. निर्मात्यांनाही दुखणं कळलं असावं, कारण मे २०२३ मध्ये त्यांनी नव्या माणसाला सरळ आपल्याच मोठ्या सर्व्हरवर नेणारं बटण पुढे आणलं. जुन्या मंडळींनी त्यावरही कुरकुर केली.

हीच बहीण नोव्हेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेतल्या निवडणुकीनंतरच्या लाटेत, मला न विचारता ब्लूस्कायवर गेली. तिथे सर्व्हरचा प्रश्न असतो, पण उत्तर आधीच भरलेलं असतं, त्यामुळे नव्या माणसाला तो प्रश्न आहे हेच कळत नाही. कुणीतरी तिला गणिताच्या शिक्षकांचा 'स्टार्टर पॅक' पाठवला होता. ही सोय त्याच वर्षी जूनमध्ये आली: कुणीही आपल्या पसंतीच्या माणसांची यादी करून लिंक द्यायची, आणि समोरच्याने एका टिचकीत सगळ्यांना जोडायचं. रात्री जेवण होईस्तोवर तिची फीड वाहायला लागली होती. मला या एका सोयीचं मोल बाकी सगळ्या तंत्रज्ञानाहून जास्त वाटतं.

त्याआधी ऑगस्टअखेरीस ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आलेशांद्रे दी मोराएस यांनी एक्स (ट्विटरचं नवं नाव) देशात बंद करायचा आदेश दिला, तेव्हाही आठवड्याभरात वीस लाखांहून जास्त लोक ब्लूस्कायवर गेले. मॅस्टोडॉनचा दरवाजा तेव्हाही उघडाच होता.

गंमत अशी, की ब्लूस्कायवरची बहुतेक खाती आजही ते चालवणाऱ्या एका कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. स्वतःचा सर्व्हर चालवता येतो, पण चालवतं कोण? म्हणजे जे जास्त वाढलं ते प्रत्यक्षात कमी विखुरलेलं आहे. इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीच्या थ्रेड्स या नेटवर्कने तर जुलै २०२३ मध्ये पाच दिवसांत दहा कोटी लोक जमवले ते इन्स्टाग्रामच्या खात्यांच्या जोरावर. इतर सर्व्हरशी जोडणी त्यांनी नंतर सुरू केली.

मॅस्टोडॉनच्या स्वभावाचाही थोडा दोष आहे. दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करून त्यावर बोलायची सोय त्यांनी कित्येक वर्षं मुद्दाम ठेवली नाही, झुंडीने कुणावर तुटून पडणं सोपं होऊ नये म्हणून. शोधही असाच आखडता. हेतू चांगला होता, मला तो आवडतोही. पण नव्याला भांडण दिसत नाही तशी चर्चाही दिसत नाही. वर फोटोला (न दिसणाऱ्यांसाठी) वर्णन का लिहिलं नाहीस म्हणून पहिल्याच दिवशी कुणी टोकलं, की माणूस पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

आता तुमचा मराठी सर्व्हर. काढा, पण 'विकेंद्रित' हा शब्द जाहिरातीत नको. नोंदणी उघडण्याआधी महिनाभर तुम्ही दहा जणांनी रोज लिहा, म्हणजे येणाऱ्याला भरलेली ओसरी दिसेल. विषय एकच घट्ट धरा: किल्ले, शेती, पक्षी, काहीही. 'सर्व मराठी माणसांसाठी' म्हटलं की कुणालाच ते आपलं वाटत नाही. नव्या माणसाला कुणाकुणाला जोडायचं याची तयार यादी हातात द्या.

आणि खर्च व देखरेख एकट्याच्या गळ्यात घालू नका. मी आधी ज्या छोट्या सर्व्हरवर होतो तो एकच गृहस्थ स्वतःच्या खिशातून चालवायचा. वैतागून त्याने महिन्याची मुदत देऊन तो बंद केला. फॉलोअर्स नव्या सर्व्हरवर हलवता आले, पण तीन वर्षांच्या पोस्ट नाही. त्या फाइल माझ्या हार्ड डिस्कवर तशाच पडल्या आहेत. तेव्हा पैसे कोण देणार आणि सर्व्हरच्या किल्ल्या कुणाकुणाकडे राहणार, हे सुरू करायच्या आधीच लिहून काढा. नंतर त्यावरूनच भांडणं होतात.